देहाचे शिक्षण आणि घामाची लाज

अकरावी-बारावीतील मुलास मैदानावर किंवा डोंगरावर धाडणे म्हणजे त्याचा वेळ दवडणे होय, असे आपल्या मंडळ्यांतील पुष्कळ आईबापांस वाटते. आम्ही उन्हात राबलो ते त्याने सावलीत बसावे म्हणून, असे ते म्हणतात. ह्या बोलण्यास हसणे योग्य नाही. आपल्यापैकी कित्येकांच्या वाडवडिलांनी गावाची वेठ केली, मेलेली गुरे ओढली, चामडे कमावले, आणि राहावयास वेशीबाहेरची जागा मिळविली. ज्यांच्या देहाचा असा अपमान झाला, त्यांच्या वंशजांस घामाची लाज वाटावी ह्यात नवल ते काय? परंतु ही लाज ख्रिस्ती मनुष्याने पुढील पिढीस वारसा म्हणून द्यावी काय, हा आमचा प्रश्न आहे.

ह्या कामी काश्मीरातील एका मिशन शाळेचा इतिहास आम्हांस बोधप्रद वाटतो. सन 1890 च्या अखेरीस रेव्ह. सेसिल टिंडेल-बिस्को हे चर्च मिशनरी सोसायटीच्या श्रीनगर येथील शाळेत आले. विद्यार्थी बहुतेक ब्राह्मण. कित्येकांस दाढीमिशा आलेल्या. वल्हे मारणे हे नावाड्यांचे, म्हणजे हलक्या लोकांचे काम, असे ते मानीत. 1891 साली साहेबांनी चामड्याचा फुटबॉल आणला, तेव्हा विटाळाच्या भयाने त्यास कोणी पाय लाविना. शेवटी शिक्षकांनी हाती काठ्या घेऊन त्यांस खेळावयास लाविले.

पुढे ह्याच शाळेतील मुले सरोवरे पोहून जाऊ लागली, पर्वत चढू लागली. आग लागली की ती विझवावयास धावत. पूर आला की होड्या घेऊन लोकांस वाचवीत. पटकीच्या साथीत गलिच्छ गल्ल्या साफ करीत. रुग्णालयातील दुबळ्यांस होडीत बसवून मोकळ्या हवेत नेत. गुणपत्रकात बुद्धीबरोबर शरीराचे व वर्तनाचेही गुण मांडिले जात.

येथे दोन गोष्टी वेगळ्या करणे अवश्य आहे. काठीचे समर्थन आम्ही करीत नाही. काठीच्या धाकाने घेतलेला खेळ आणि पाटलाच्या धाकाने घेतलेली वेठ ह्यांत अंतर थोडेच. कोणी म्हणेल, फळ तर चांगले आले ना? आमचे उत्तर असे की, काठीने मुले चेंडूमागे धावली असतील. पण बुडत्यासाठी पुरात जाणे काठीने घडत नाही. त्यास मन पालटावे लागते. आपल्या प्रभूने शिष्यांचे पाय धुतले ते आपण होऊन धुतले. म्हणूनच दासाचे ते काम त्याच्या हाती गौरवाचे ठरले.

तेव्हा हलकेपणा श्रमात नाही, सक्तीत आहे. धाकाने वाकतो तो देह वेठीचा. शेजाऱ्याच्या गरजेसाठी आपखुशीने वाकतो तो सेवेचा. घाम मात्र तोच. आणि सेवेस देह तयार असावा लागतो. विहिरीत मूल पडले असता काठावर रडणारा दयाळू असेल. पण ज्यास पोहता येते तोच त्यास बाहेर काढील.

महाराष्ट्रात अकरावी-बारावीस शारीरिक शिक्षण हा विषय नेमलेला आहे. तथापि कित्येक ठिकाणी त्याचा तास कागदावरच भरतो. मुलींची स्थिती तर अधिक शोचनीय. घरी पाणी भरते, तोच तिचा व्यायाम, असे म्हणून तिला मैदानापासून दूर ठेवितात. प्रचारक बंधूंनी ह्याविषयी पालकांशी बोलावे. शाळेत तास होत नसेल तर शनिवारी तरुण मुलामुलींस, पोहणारा जाणता मनुष्य बरोबर घेऊन, पाण्यावर न्यावे, टेकडीवर न्यावे, एखाद्या विधवेचे छप्पर पावसापूर्वी शाकारून द्यावे. परंतु हाती काठी घेऊ नये. आपण पुढे व्हावे, म्हणजे ती मागून येतील.

चामडे कमावणारे हात देवाच्या दृष्टीने कधीच विटाळलेले नव्हते. त्या हातांच्या वंशजांनी आता चेंडूमागे आनंदाने धावावे, आणि हाक आली असता पुरातही उतरावे.