बोलण्यातला दोष ठरवायचा कोणी?

अकोल्याकडचं पाच वर्षांचं मूल शहरातल्या स्पीच थेरपिस्टकडे येतं. समोर चित्रांची कार्डं मांडली जातात. डोळ्याचं चित्र पाहून ते म्हणतं ‘डोया’, शाळेचं पाहून ‘शाया’, पाण्याचा पेला पाहून ‘पानी’. तपासणारी मुलगी पुण्या-मुंबईत वाढलेली असेल, तर ‘ळ येत नाही, ण येत नाही’ अशी नोंद होण्याचा धोका मोठा असतो. वऱ्हाडात त्याची आजीही ‘डोया’च म्हणते, याला त्या तपासणीपत्रकात रकानाच नसतो. तेच मूल ‘रस्ता’ला ‘लस्ता’ म्हणत असेल, तर मात्र ती बोली नव्हे. तिथे वयाचा विचार करून उपचार लागतील की नाही हे ठरवायला हवं. पहिल्या उच्चारांना हात लावायचा नाही आणि दुसऱ्याकडे दुर्लक्ष करायचं नाही, हा विवेक म्हणजेच या शास्त्राचा पाया.

हा विवेक ओपीडीच्या गर्दीत आपोआप येत नाही. वऱ्हाडातलं, कोकणातलं, खानदेशातलं मूल कोणत्या वयात ‘र’ म्हणू लागतं, जोडाक्षरं कधी साधतात, लिंगानुसार क्रियापद कधी बदलू लागतं, हे कुणीतरी वर्षानुवर्षं गावोगाव बसून टिपलेलं असावं लागतं. ते काम अध्यापक-संशोधकाचं. मुंबईत नायर रुग्णालयाच्या महाविद्यालयात आणि १९८३ साली स्थापन झालेल्या अली यावर जंग संस्थेत स्पीच थेरपीचं शिक्षण मिळतं. इंटर्नशिप धरून चार वर्षांची पदवी, दोन वर्षांचं एम.एस्सी., मग पीएच.डी. इतकं शिकल्यावर बरेच जण स्वतःचं क्लिनिक काढतात किंवा परदेशी जातात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. मुकं बसणारं मूल आईला हाक मारू लागलं की जे समाधान मिळतं, ते संशोधनाच्या तक्त्यांतून मिळत नाही. पण सगळेच गेले, तर उरलेले सगळे इंग्रजीतून उसन्या घेतलेल्या चाचण्यांवरच काम करणार.

उसनेपण किती खोल जातं, ते पक्षाघातानंतरच्या वाचाघातात दिसतं. इंग्रजी बोलणाऱ्या रुग्णाच्या बोलण्यातून बारीक प्रत्यय गळतात. शब्द उघडा उरतो, पण शब्द म्हणून टिकतो. मराठीत तशी सोय फार थोडी. ‘मुलाने पोळी खाल्ली’ या वाक्यात ‘मुलगा’चं ‘मुला’ होतं, ‘ने’ लागतो आणि क्रियापद कर्त्याला सोडून पोळीच्या मागे जातं. ‘खाल्ली’मधला ‘ई’ काढला, तर उरतं ते काही बोलता येईल असं रूप नाही. रुग्ण गाळणार काय आणि चुकीचं जोडणार काय, हे मराठी रुग्णांचं बोलणं ध्वनिमुद्रित करून, एकेक वाक्य उलगडूनच कळेल. लिझ मेन आणि लोरेन ऑब्लर यांनी १९९० साली अशा व्याकरणभंगावर १४ भाषांचा मोठा ग्रंथ संपादित केला. त्यात हिंदी आहे, फिनिश आहे, आइसलँडिकही आहे. मराठी नाही. मला हे फार लागतं. कारण मराठीच्या ध्वनींवर आणि रूपांवर भाषावैज्ञानिक अशोक केळकरांनी कॉर्नेल विद्यापीठात १९५८ मध्येच प्रबंध लिहिला होता आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भाषाविज्ञानाची परंपरा होती. दोन विद्याशाखा एकाच राज्यात वाढल्या, पण त्यांचं एकमेकींकडे जाणंयेणं जेमतेमच राहिलं.

दोष ठरवण्याचा अधिकार किती जपून वापरायचा, याचा धडा या शास्त्राच्या घरातच आहे. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात ते आकाराला आलं. तिथले वेंडेल जॉन्सन स्वतः अडखळत बोलत आणि त्यांनी आयुष्य त्याच अभ्यासाला दिलं. त्यांच्या मार्गदर्शनाखाली १९३९ मध्ये मेरी ट्यूडर या विद्यार्थिनीने डेव्हनपोर्टच्या अनाथाश्रमातल्या २२ मुलांवर प्रयोग केला. त्यातल्या नीट बोलणाऱ्या काही मुलांना, तुमच्या बोलण्यात तोतरेपणाची लक्षणं आहेत, असं सांगण्यात आलं. ती मुलं तोतरी झाली असं सिद्ध झालं नाही. पण ती बोलायला कचरू लागली, गप्प राहू लागली. विद्यापीठाने माफी मागितली ती २००१ मध्ये. तिथे खोटं मुद्दाम सांगितलं गेलं. ‘डोया’ला दोष म्हणणारी आपली थेरपिस्ट प्रामाणिक असते, तिच्या हातात फक्त मराठीची मोजपट्टी नसते. मुलाच्या कानावर मात्र दोन्हीकडे तेच पडतं: तुझं बोलणं चुकीचं आहे.

म्हणून एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असलेल्या विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे. तुमच्यातल्या एक-दोघांनी तरी शिकवण्याकडे आणि संशोधनाकडे वळावं. प्रबंधासाठी इंग्रजी चाचणीचं भाषांतर घेऊ नका. बुलढाण्याच्या, नंदुरबारच्या, सिंधुदुर्गाच्या अंगणवाडीत रेकॉर्डर घेऊन बसा आणि सोबत भाषाविज्ञानाचा एक विद्यार्थी न्या. आणि विद्यापीठांनी अशा माणसांसाठी कंत्राटी नव्हे, कायमच्या जागा काढाव्यात. पाच-सहा वर्षं चालणारं काम अकरा महिन्यांच्या नेमणुकीवर होत नाही.