दुसरी सायकल

कांजूरमार्गच्या आमच्या इमारतीत, जिन्याखाली, माझ्या दोन सायकली असायच्या. एक रोडबाइक. बारीक टायर, खाली वळलेलं हँडल, रविवारी पहाटे ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवरून ठाण्याकडे सुटायला. दुसरी एमटीबी, म्हणजे माउंटन बाइक. जाड टायर, पुढे सस्पेन्शन, उचलताना कंबर आठवावी असं वजन. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी बावीस हजारांना घेतलेली.

मार्चमध्ये सोसायटीच्या वॉचमन काकांनी विचारलं, "सर, ती जाडी सायकल विकणार काय? पडूनच असते, म्हणून म्हटलं."

"नाही काका, वापरतो मी."

रात्री ॲपमधल्या नोंदी काढल्या. वर्षभरात एमटीबी नऊ वेळा बाहेर पडली होती. सहा वेळा पावसात गांधीनगरहून पवईपर्यंत, एकदा येऊरचा चढ, दोनदा नाक्यावर हवा भरायला. काका रोज बारा तासांची ड्युटी संपवून भांडुपला चालत जातात. मी त्यांच्याशी खोटं का बोललो, हे मला तेव्हापासून सतावत होतं.

समर्थनं भरपूर होती. सायकलवाल्यांत एक जुना विनोद आहे : आपल्याकडे किती सायकली असाव्यात? आत्ता आहेत त्याहून एक जास्त. शिवाय २५ मिलिमीटरचा टायर पावसाळ्यातल्या लिंक रोडवर घालणं म्हणजे खड्ड्याला आमंत्रण. आणि माझा धंदाच बॅकअपचा. वर्षभर नुसता चालू ठेवलेला सर्व्हर कुणी निरुपयोगी म्हणत नाही. पण तो सर्व्हर ठेवतात, कारण मुख्य सर्व्हर पडला तर कुणाचं तरी नुकसान होतं. माझी रोडबाइक पंक्चर झाली तर मी लोकलने जातो. नुकसान शून्य.

खरं कारण वेगळं होतं. ती सायकल एका वेगळ्या माणसाची होती. तो दर शनिवारी सह्याद्रीतल्या कच्च्या वाटांवर जाणार होता, चिखलानं माखून परतणार होता. तेवीस वर्षांचा असताना मी त्याच्यासाठी खरेदी केली होती. सायकल विकायची म्हणजे तो आता येणार नाही, हे मान्य करायचं. जिन्याखालची चार फूट जागा मी त्याच्या नावावर अडवून ठेवली होती.

सायकल असल्यामुळे हे लपतंही छान. दुसरी कार घेतली असती तर मीच स्वतःला टोचलं असतं. सायकल म्हटली की आपण आपोआप सज्जनांच्या बाजूला. पवई तलावाकाठी महापालिकेचा सायकल ट्रॅक होणार म्हटल्यावर मी खूश झालो होतो. तलावात भराव पडतोय, यात मला वावगं दिसलं नव्हतं. २०२२ साली मुंबई उच्च न्यायालयानं तो ट्रॅक बेकायदा ठरवला आणि जागा पूर्ववत करायला सांगितली. त्या याचिकेत आयआयटीचे विद्यार्थी होते, माझ्याच वयाचे.

गांधीजींनी १९३० मध्ये येरवड्याच्या तुरुंगातून आश्रमवासीयांना व्रतांवर पत्रं लिहिली. गरज नसलेली वस्तू ठेवणं हीही चोरीच, असा त्यांचा हिशेब. वाचलं तेव्हा अतिरेकी वाटलं होतं, आणि थोडं अजूनही वाटतं. कारण या हिशेबाला तळ नाही. बुटांचा दुसरा जोड? रिकामी बेडरूम? काकांना गरज आहे म्हणून माझी वस्तू त्यांची होत नाही, हेही खरंच. पण मग मी खोटं बोललो नसतो. "वापरत नाही, पण ठेवणार आहे" इतकं सरळ वाक्य तोंडातून निघालं नाही, कारण ते समोरच्या माणसाला सांगण्यासारखं नव्हतं. जगात कुणालातरी सायकल हवी असणं वेगळं आणि रोज गेट उघडणाऱ्यानं तुमच्या सायकलीकडे बोट दाखवणं वेगळं. तळ नसलेल्या हिशेबात मला एवढी एकच पायरी सापडली.

तरी मी आधी पळवाट काढली. म्हटलं, "काका, विकत नाही, पण तुम्ही न्या. रोज वापरा. पावसात कधी लागली तर मागेन."

काका हसले. "नको सर. उसनी सायकल चोरीला गेली तर मी कुठून भरू? भांडुपला घराबाहेर लावायची."

हे मला सुचलंच नव्हतं. मालकी माझ्याकडे, औदार्य माझं, आणि धास्ती मात्र त्यांच्या उंबऱ्याशी. फुकटही द्यावीशी वाटली, पण त्यांनी विकत मागितली होती. ते मोडून दान करणं मला आगाऊपणाचं वाटलं. अडीच हजारांत सौदा ठरला. दोन महिन्यांत देतो म्हणाले. मी ब्रेकचे पॅड बदलून दिले.

माउंटन बाइकचा जन्म १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियात झाला तो असाच उलटा. तिथल्या पोरांनी जुन्यापुराण्या, जडशीळ साध्या सायकली डोंगरावर नेल्या आणि उतारावरून सोडल्या. काकांनी आठवड्याभरात माझ्या एमटीबीला कॅरिअर, स्टँड आणि घंटी बसवून घेतली. कॅरिअरला डबा. सीट इतकी खाली घेतली की मला ती सायकल ओळखू येईना.

जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला. रोडबाइक काढली, गांधीनगरच्या सिग्नलपर्यंत गेलो, पाण्याखाली रस्ता आहे की खड्डा ते कळेना, म्हणून वळलो. गेटवर काका नुकतेच पोहोचले होते, रेनकोटमधून पाणी गळत होतं. "सर, आज हवी होती काय ही?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हणालो.