उताराआधी थोडं थांबू

मासवणला सूर्येच्या काठी सायकल घेऊन आला असाल तर लगेच स्वार होऊ नका. सायकल झाडाला टेकवा आणि शेजारी बसा. श्वास खाली बसू द्या. पालघरहून मनोरकडे येणारा रस्ता जिथून डोंगर ओलांडतो ती वाघोबाची खिंड इथून पश्चिमेला आहे, आणि तिच्या माथ्यावर काळदुर्ग. आज तिकडच्या उतारावर जायचं आहे. पण घाई नाही.

आधी वाटेकडे बघू. या भागातल्या पाऊलवाटा सायकलीसाठी कुणी आखलेल्या नाहीत. पाण्याला, सरपणाला, शेतावर, बाजाराला निघालेल्या माणसांच्या चालण्यातून त्या पडल्या. पाऊल दगड बघतं, उचललं जातं, पलीकडे टेकतं. चाकाला हे जमत नाही. त्याला दगडावरूनच जावं लागतं. ही अडचण क्षणभर मनात धरून ठेवा. गेल्या पन्नास वर्षांत डोंगरी सायकलीत जे जे बदललं, त्यातलं बहुतेक या अडचणीवरचं उत्तर आहे.

आता अंगठ्याने पुढचा टायर दाबा. सावकाश. तो दगडासारखा कडक लागत असेल तर थोडी हवा सोडा. सोडताना तिचा आवाज ऐका. कडक टायर प्रत्येक खड्यावरून उडतो. मऊ टायर खड्याला कवेत घेतो आणि जमिनीला धरून राहतो. जुन्या ट्यूबमध्ये हवा कमी केली की दगडावर रिम आपटून ट्यूबला शेजारी-शेजारी दोन भोकं पडत. ट्यूबलेस आल्यावर ही भीती बरीच कमी झाली. सव्वादोन-अडीच इंची टायरमध्ये पंचवीसच्या आसपास पीएसआय हवा ठेवून दगडांतून जाता येतं, आणि करवंदीचा काटा घुसला तर आतलं सीलंट भोक बुजवतं. सायकलीत एकच गोष्ट सुधारायला पैसे असतील तर ते टायरांवर घाला, असं मी प्रत्येकाला सांगतो. गियर नंतर बघता येतील.

हात हँडलवर ठेवा. फक्त तर्जनी ब्रेकवर. बाकीची बोटं मूठ धरून राहू द्या. जुने ब्रेक रिमला रबर घासून सायकल थांबवत. पावसाळ्यात रिमवर चिखल बसला की ते रबर नुसतं घसरायचं. हायड्रॉलिक डिस्कमध्ये बोटाचा दाब तेलातून पॅडपर्यंत जातो, आणि चकती हबजवळ असल्यामुळे रिमवरच्या चिखलाचा तिला फारसा त्रास नाही. डोंगरी सायकलीच्या सुरुवातीला, १९७० च्या दशकात, कॅलिफोर्नियातल्या माउंट टॅमलपाईसवरून काही तरुण फुगीर टायरांच्या जुन्या सायकली घेऊन उतरायचे. मागच्या हबमधला ब्रेक इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर निघे, आणि उतार संपला की हब उघडून नवं ग्रीस भरावं लागे. १९७७ मध्ये त्यांच्यातल्या जो ब्रीझने खास डोंगरासाठी फ्रेम बनवली. हल्लीच्या महागड्या सायकलीचं कूळ त्या जळक्या ग्रीसपर्यंत जातं. बोटाखाली ब्रेक हलकेच दाबा, सोडा. पुन्हा दाबा.

आता कुणाला तरी सायकल धरायला सांगा आणि सीटवर बसा. हलू नका. पुढच्या चिमट्याच्या नळीवर रबराची बारीक कडी असते. ती खाली सरकवून ठेवा, मग अलगद उतरा आणि कडी किती वर गेली ते पाहा. नुसत्या तुमच्या वजनाने चिमटा एवढा दबला. १४० मिलिमीटर दबणारा चिमटा असेल तर साधारण ३५ मिलिमीटर, म्हणजे पाव भाग, दबलेला चांगला. इतका दबलेला असला तरच चाक खड्ड्यात उतरताना चिमटा लांबतो आणि जमीन सुटत नाही. पाऊल वाकलेल्या गुडघ्याने जे करतं, तेच हे. ही जुळणी करायला एक रुपयाही लागत नाही, फक्त स्थिर बसावं लागतं.

उतरून सायकलीकडे बाजूने पाहा. चिमटा जमिनीशी किती तिरका आहे? जुन्या डोंगरी सायकलींत हा कोन ७१ अंशांच्या आसपास असे. नव्या ट्रेल सायकलींत तो ६५ अंशांपर्यंत कलला आहे. त्यामुळे पुढचं चाक हातांच्या बरंच पुढे जातं, आणि तीव्र उतारावर दगड लागला तरी माणूस हँडलवरून सहजी फेकला जात नाही. पण चढावर असं चाक भरकटतं. म्हणून सीटची नळी जास्त उभी केली, स्टेम आखूड केला, हँडल रुंद केलं. वजन पुन्हा दोन चाकांच्या मध्ये आलं. डोळे मिटून स्वतःला तिथे, त्या मध्यावर, उभं असलेलं अनुभवा. टाचा किंचित खाली. कोपरं बाहेर. सीट ड्रॉपरने, म्हणजे बटणाने खाली-वर होणाऱ्या नळीने, खाली गेलेली आहे, अंग मोकळं आहे.

मागच्या शॉकबद्दल थोडंच सांगतो. इथे पाऊस भरपूर, चिखल चिकट, आणि फुल सस्पेन्शनच्या प्रत्येक सांध्यात बेअरिंग. चार महिने त्यांची निगा राखणं जमणार नसेल तर कललेल्या चिमट्याची चांगली हार्डटेल, म्हणजे मागे शॉक नसलेली सायकल, घ्यावी. आणखी एक छोटा भाग बघून घ्या: मागचा डिरेलर ज्यावर टांगलेला असतो तो हँगर. पूर्वी प्रत्येक कंपनीचा हँगर वेगळा असायचा, तो वाकला की सहल संपली. २०१९ मध्ये सायकलीचे भाग बनवणाऱ्या स्रॅम कंपनीने सगळ्यांना वापरता येईल असा एकच नमुना आणला. नवी फ्रेम निवडताना रंगाआधी हे विचारा. पालघर-बोईसरमध्ये राहणाऱ्याला मोठ्या शहरातून सुटा भाग मागवताना या प्रश्नाची किंमत कळते.

आता निघा. चढावर बोलता येईल इतकाच दम लागू द्या. उतारावर नजर पुढच्या चाकावर नको, वाट जिथे वळते तिथे असू द्या. ब्रेक वळणाच्या आधी लावा. समोरून डोक्यावर मोळी घेऊन कुणी येत असेल तर थांबा, सायकल वाटेबाहेर घ्या. वाट त्यांची आहे.

खाली आलात की चिमट्यावरची ती रबरी कडी पुन्हा बघा. टोकाला जाऊन भिडली असेल तर चिमट्यातली हवा पाचएक पीएसआय वाढवा. अर्ध्यावरच थांबली असेल तर तेवढीच कमी करा. एका वेळी एकच बदल करा, आणि तोच उतार परत उतरा.