नाही म्हणण्याचा अधिकार

स्वातंत्र्याची चर्चा आपल्याकडे बहुधा लिहिण्या-बोलण्यापाशी सुरू होते आणि तिथेच संपते. पुस्तकावर बंदी आली की निषेधाच्या सभा होतात, त्या व्हायलाच हव्यात. पण डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली, तेव्हा शहरांत ती बाजारभावाची बातमी ठरली. स्वतः पिकवलेली वस्तू कुणाला विकायची हे ठरवणे हाही व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे, आणि कष्टाने जगणाऱ्या माणसासाठी तो फार मोठा भाग आहे, असे मला ठामपणे वाटते.

याला पहिला आक्षेप खुद्द जॉन स्टुअर्ट मिलचा. ज्याच्या विचारांनी आगरकर घडले, त्या मिलने १८५९ च्या आपल्या ग्रंथात व्यापाराला सामाजिक कृती मानले. खुल्या व्यापाराची बाजू तो घेतो, पण ती व्यक्तिस्वातंत्र्याच्या तत्त्वावर उभी करत नाही. विकणाऱ्याच्या कृतीचा परिणाम इतरांवर होतो, हे खरेच आहे. तो तर भाषणाचाही होतो. शिवाय दोन-चार एकरांच्या शेतकऱ्याला विक्रीपासून वेगळे असे खाजगी आयुष्य कितीसे उरते? कर्ज, पुढचे बियाणे, मुलीची फी, सगळे त्या एका व्यवहारावर अवलंबून असते.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे आणि तो डॉ. आंबेडकरांचा आहे. १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये ते दाखवतात की पोटाची चिंता असलेला माणूस आपले मूलभूत हक्क मालकापुढे गहाण टाकतो, सरकार बाजूला झाले की तिथे खाजगी मालकाची हुकूमशाही येते. म्हणून त्यांनी शेतीसुद्धा राज्याच्या मालकीची असावी असे सुचवले. त्यांचे निदान मला पूर्णपणे पटते. उपायाबद्दल मात्र महाराष्ट्राचा अनुभव विचारात घ्यावा लागतो. १९७२ च्या हंगामापासून इथे कापूस एकाधिकार खरेदी योजना आली. व्यापाऱ्याच्या लुटीतून शेतकऱ्याला सोडवण्याचा तिचा हेतू प्रामाणिक होता, आणि बाजार पडलेल्या वर्षांत तिने आधारही दिला. शेजारच्या राज्यांतला कापूस तेव्हा इकडे येई. पण बाहेर भाव चढा असला, तरी तिकडे कापूस नेणे हा गुन्हा होता. संकलन केंद्रावर ग्रेडरने प्रत खाली लावली किंवा चुकारे रखडले, तर गाडी वळवून दुसरीकडे जाण्याची सोय नव्हती. आंबेडकरांनी वर्णिलेली लाचारी तीच, फक्त समोर आता सावकाराऐवजी सरकार बसले होते. एकच खरेदीदार असणे हेच त्या लाचारीचे मूळ. तो खाजगी आहे की सरकारी, याने फारसे बिघडत नाही.

आणि सरकारविरुद्ध दाद मागावी, तर १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने आलेले, त्यात घातलेल्या कायद्यांना न्यायालयीन आव्हानापासून संरक्षण देणारे राज्यघटनेचे नववे परिशिष्ट आडवे येते. जमीनदारी मोडण्यासाठी ते हवे होते, हे मी मान्य करतो. परंतु १९५५ चा आवश्यक वस्तू कायदा त्यात गेला तो १९७६ साली, आणीबाणीत. जमीनदारांविरुद्ध रचलेली तटबंदी अशा रीतीने साठा, वाहतूक आणि किमतीवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्याभोवती उभी राहिली.

शहरातल्या गरिबाचे काय, हा प्रश्न राहतोच, आणि तो टाळण्यासारखा नाही. स्वस्त कांदा ही त्याची गरज असेल, तर तो सरकारने बाजारभावाने विकत घेऊन त्याला स्वस्तात द्यावा. खर्च तिजोरीतून, म्हणजे आपल्या सगळ्यांकडून जाईल. निर्यातबंदीत तोच भार एकट्या कांदा उत्पादकावर पडतो आणि स्वस्ताईचा लाभ सधन घरांनाही मिळतो. याला गरिबांविषयीची कणव म्हणणे मला जमत नाही.

१९८० मध्ये चाकणला कांद्याचे आंदोलन उभे करणाऱ्या शरद जोशींना या युक्तिवादाची आणखी एक बाजू दिसली होती. बाजार खुला झाला की घरातली बाईही मोकळी होईल, असे त्यांनी गृहीत धरले नाही. १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचे अधिवेशन भरले, आणि पुढे ‘लक्ष्मीमुक्ती’ मोहिमेतून त्यांनी शेतकऱ्यांना जमिनीचा काही हिस्सा बायकोच्या नावावर करायला सांगितले. सातबारावर स्वतःचे नाव असेल, तर नवऱ्यालाही नाही म्हणायला तिच्या पायाखाली जमीन असते.