पायऱ्या असताना उडी कशाला?

आजचा शास्त्रभाग : मत्तय ४:१-११ (सोबत वाचा : स्तोत्र ९१, अनुवाद ६:१६)



मोह म्हटलं की आपल्याला काय आठवतं? रात्री एक वाजता हातात असलेला मोबाईल, ऑफिसची पार्टी, खोटं बिल लावून काढलेले चार पैसे. हे मोह आहेतच. पण ते निदान ओळखू तरी येतात. आज मला अशा मोहाविषयी बोलायचं आहे, जो बायबल हातात घेऊन येतो. मी त्याला ओळखलं नाही आणि त्याची किंमत माझ्या आईने मोजली.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मी पुण्यात नोकरीला, आई नगरला एकटी. तिला बरीच वर्षं बीपीचा त्रास, रोज सकाळी गोळी. त्या जानेवारीत मी एका ऑनलाइन उपास-प्रार्थनेत सामील झालो होतो. पहाटे पाचला उठायचो, रडून प्रार्थना करायचो, मन हलकं व्हायचं. तिथे एका उपदेशकांनी शिकवलं की गोळी घेणं म्हणजे अर्धा विश्वास. ज्याला पूर्ण आरोग्य हवं त्याने गोळी सोडून दाखवावी. आधाराला वचनं होती, एकामागून एक. मी ती क्लिप आईला पाठवली. नुसती पाठवली नाही, फोन करून सांगितलं, "आई, विश्वासाने पाऊल टाक. देव करेल."

आईने गोळी बंद केली. त्या रविवारी तरुण संघात उभं राहून मी साक्ष दिली. टाळ्या पडल्या, हालेलुया झालं. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

अकराव्या दिवशी आई मोरीत चक्कर येऊन पडली. शेजारच्या मावशी निवृत्त नर्स. त्यांनीच तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. बीपीचा वरचा आकडा २१० होता. डॉक्टर म्हणाले, अजून उशीर झाला असता तर पक्षाघाताचा धोका होता. मी रात्री पोचलो तेव्हा आई हळू आवाजात म्हणाली, "साक्ष दिलीस ना, त्याच रात्रीपासून डोकं ठणकत होतं रे. पण तुला कसं सांगू? म्हटलं, देवा, चार लोकांत माझ्या पोराला खोटं पाडू नकोस."

प्रियांनो, हे वाक्य मी आजही पूर्ण ऐकू शकत नाही.

मावशी मला ओरडल्या नाहीत. बाहेरच्या बाकड्यावर बसून त्यांनी एवढंच विचारलं, "बाळा, लूक कोण होता?"
मी म्हटलं, "शुभवर्तमान लिहिणारा."
"आणि धंद्याने?"
मी गप्प. पौलाने कलस्सैकरांस पत्र लिहिताना शेवटी लूकला प्रेमाने वैद्य म्हटलं आहे (४:१४), हे मला पाठ होतं. पण त्या महिनाभरात ते एकदाही आठवलं नव्हतं.

त्या रात्री दवाखान्यात बसून मी मत्तय ४ पुन्हा वाचला. आधी शंभरदा वाचलेला अध्याय. पण या वेळी दुसऱ्या परीक्षेपाशी अडखळलो.

पहिल्या परीक्षेत, भाकरीच्या वेळी, येशूने वचनाने उत्तर दिलं. मग सैतानाने काय केलं? तोही वचनच घेऊन आला! जागा कोणती निवडली? पवित्र नगर, मंदिराचा शिरोभाग. आणि वचन कोणतं? आपण घरोघरी, आजाऱ्याच्या उशाशी म्हणतो तेच, स्तोत्र ९१. त्यातला एक शब्दही त्याने खोटा सांगितला नाही. पौल सांगतो की सैतान प्रकाशाच्या दूताचं सोंग घेतो (२ करिंथ ११:१४). ते सोंग कसं दिसतं, ते इथे दिसतं.

आता स्तोत्र ९१ उघडा आणि अकरावी-बारावी ओवी मत्तय ४:६ शेजारी ठेवून वाचा. स्तोत्रात म्हटलं आहे की आपण आपल्या मार्गांनी चालत असताना देवाचे दूत आपल्याला सांभाळतील. सैतानाने दूत सांगितले, हातांवर झेलणं सांगितलं. 'मार्ग' तेवढा गाळला. वचन चालणाऱ्या माणसाला दिलेलं आहे, त्याने ते उडी मारणाऱ्याला लावलं. मंदिरावरून खाली यायला पायऱ्या असताना उडी कशाला? माझ्या आईच्या बाबतीत ती रोजची गोळी म्हणजे पायरीच होती.

आणखी एक गोष्ट बघा. सैतान येशूला ढकलत नाही. तो म्हणतो, तूच उडी टाक. फसवणूक बाहेरून येते, पण पाऊल आपलंच उचलावं लागतं. याकोब १:१४ मध्ये हेच आहे: माणूस ओढला जातो तो स्वतःच्या वासनेने. मग माझी वासना कोणती होती? आईचं आरोग्य? तेही होतं. पण खरं सांगतो, मला साक्ष हवी होती. संघात सांगायला एक जोरदार गोष्ट. तो गळ माझ्या आतच होता, उपदेशकांनी फक्त दोरी ओढली. आणि यातली सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे मी स्वतः उडी मारलीच नव्हती. मी आईला मारायला लावली.

येशूचं उत्तर अनुवाद ६:१६ मधलं आहे: देवाची परीक्षा पाहायची नाही. ती ओवी मस्साची आठवण करून देते. निर्गम १७ मध्ये रफीदीमला पाणी नव्हतं. तहान खरी होती, तहान लागणं पाप नव्हतं. पण लोकांनी पाण्यावरून देवाला कसोटीला लावलं, की तो आमच्यात आहे की नाही ते आत्ता कळू दे. विश्वास मागतो आणि वाट बघतो. परीक्षा मात्र देवाला तारीख देते, पद्धत ठरवून देते आणि वर म्हणते, आता दाखव.

कोणी विचारेल, "मग शद्रख, मेशख, अबेदनगो? त्यांनी नाही का जीव धोक्यात घातला?" दानीएल ३ नीट वाचा. ते भट्टीत उडी मारायला गेले नव्हते; मूर्तीपुढे वाकायला नाही म्हणाले, म्हणून त्यांना आत टाकण्यात आलं. आणि राजाला त्यांनी हेही सांगितलं होतं की देवाने सोडवलं नाही तरी आम्ही वाकणार नाही. देव वाचवणारच, अशी अट त्यांनी घातली नव्हती.

आता याचा उलटा अर्थ काढू नका. प्रार्थनेने काही होत नाही, असं मी म्हणत नाही. असं म्हणणं हा दुसऱ्या बाजूचा मोह आहे आणि काही महिने मी त्यातही अडकलो होतो. हिज्कीया राजा मरणाला टेकला होता. त्याने रडून प्रार्थना केली, देवाने आयुष्याची १५ वर्षं वाढवून दिली, आणि त्याच प्रसंगात यशयाने गळवावर अंजिरांचा लेप लावायला सांगितला (२ राजे २०). प्रार्थनाही, लेपही. पौलाने तीमथ्याला पोटाच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं (१ तीमथ्य ५:२३), आणि त्रफिमाला आजारी अवस्थेत मिलेतात ठेवून तो पुढे गेला (२ तीमथ्य ४:२०). त्रफिमाचा विश्वास कमी होता, असं पौल कुठेही म्हणत नाही.

मग असा मोह ओळखायचा कसा? आता कुठलंही 'खास वचन' समोर आलं की मी तीन गोष्टी विचारतो.

पहिली : यात काय गाळलं आहे? ओवीच्या मागचं-पुढचं वाचतो. बिरुयाच्या लोकांनी पौलाची शिकवणसुद्धा रोज शास्त्रात तपासली, आणि प्रेषितांची कृत्ये १७:११ मध्ये त्याबद्दल त्यांचं कौतुकच आहे. जो आवाज तुम्हाला तपासू देत नाही, प्रश्न विचारला की 'अविश्वास' म्हणतो, त्या आवाजापासून सावध राहा.

दुसरी : हे चुकलं तर पडणार कोण? मी, की माझ्या शब्दावर विश्वास ठेवणारं दुसरं कोणी?

तिसरी : हे कोणालाच कळणार नसेल, याची साक्ष कधीच देता येणार नसेल, तरी मी हे करेन का?

तिसऱ्या प्रश्नावर मी त्या जानेवारीत नापास झालो असतो.

मत्तय २७:४० मध्ये हाच मोह पुन्हा येतो. वधस्तंभाखालून जाणारे लोक येशूला म्हणतात की देवाचा पुत्र असशील तर खाली ये. मंदिरावरून उडी मार, वधस्तंभावरून उतर. दोन्ही वेळा मागणी एकच, सिद्ध करून दाखव. आणि दोन्ही वेळा त्याने काहीच दाखवलं नाही. तो पित्याने दिलेल्या मार्गावर राहिला. आपल्याला वाचवलं ते त्या न उतरण्याने.

आई आता बरी आहे. रोज सकाळी गोळी हातात घेते, डोळे मिटते, धन्यवाद म्हणते आणि पाण्याबरोबर गिळते. मी फोनवर असलो तर थांबतो, मग दोघं आमेन म्हणतो. आणि हो, तरुण संघात मी पुन्हा उभा राहिलो. या वेळी खरं काय झालं ते सांगितलं. टाळ्या नाही पडल्या. पण सभा संपल्यावर एक मुलगी जवळ आली आणि म्हणाली, "दादा, माझ्या पप्पांनी इन्सुलिन सोडलंय. मी काय करू?" आम्ही तिथेच तिच्या पप्पांना फोन लावला, त्यांच्याशी बोललो, प्रार्थना केली आणि दुसऱ्या दिवशीची डॉक्टरांची वेळ घेतली.

तुमच्या घरात कोणी असं थांबलं असेल, तर आज हे वाचून झाल्यावर आधी त्यांना फोन करा. गोळी कमी करायची की बंद, हे डॉक्टरांना विचारून ठरवा.

प्रार्थना : प्रभू येशू, तुझं वचन मी माझ्या हौसेसाठी वापरलं, मला क्षमा कर. गाळलेला शब्द ओळखायला डोळे दे. उडी मारून दाखवायचा मोह झाला, तर मला पायऱ्या दाखव, आणि त्या उतरायची नम्रता दे. आमेन.