न चाललेला मैल

अमेरिकेत लेकीकडे राहायला गेलेल्या बापाला फारशी कामे नसतात. मला एक मिळाले, नातीच्या धावण्यावर सही करण्याचे.

तिच्या शाळेने इतिहास आणि व्यायाम यांचे लग्न लावून दिले होते. वर्गातल्या २५ मुलांनी रोज धावायचे, सगळ्यांचे मैल एकत्र करायचे आणि भिंतीवरच्या नकाशात तेवढी टाचणी पुढे सरकवायची. मिझुरीतल्या इंडिपेंडन्सपासून थेट ओरेगॉनपर्यंत! अंतर सुमारे २००० मैल, म्हणजे दर डोई ८०. घराजवळच्या मैदानात धावले तरी चालेल, चार फेऱ्यांचा एक मैल. फक्त मोठ्या माणसाची सही हवी.

"आजोबा, काल आम्ही चिमनी रॉकला पोचलो!"

"वा! कसा दिसतो गं?"

"काय माहीत. तेव्हा गणिताचा तास होता."

१८४३ साली याच वाटेने सुमारे हजार माणसे गेली. सिनेमात दाखवतात तशी गाडीत बसून नव्हे. गाडीत पीठ आणि अवजारे, ती ओढायला बैल आणि माणसे बाजूने पायी. पंधरा मैल झाले की दिवस चांगला गेला म्हणायचे. असे चार ते सहा महिने. पुढे वाटेत कॉलराने माणसे मेली, ती वाटेतच पुरली. ज्यांच्या मुलखातून ही वाट जात होती, त्यांच्याही सह्या १८५१ साली फोर्ट लॅरमीच्या करारावर घेतल्या. सह्या राहिल्या, मुलूख गेला.

तर सही ही अशी चीज आहे. एका संध्याकाळी नातीने तीन फेऱ्यांनंतर माझ्या बाकावर बसकण मारली आणि 'चार' लिहिलेला कागद पुढे केला. प्रवासभत्त्याची बिले तपासण्यात ३२ वर्षे घालवलेल्या माणसाला न केलेला प्रवास लगेच ओळखू येतो. मी चष्म्यावरून पाहिले.

"तुम्ही पण दोन फेऱ्या मारून आईला चार सांगता ना?"

यावर बोलण्यासारखे काही नव्हते. आणि खरेच, टाचणी पाव मैल पुढे गेली तर कोणाचे काय बिघडते?

पण तिच्याच पुस्तकात मी हेस्टिंग्जबद्दल वाचले होते. १८४५ साली या गृहस्थाने प्रवाशांसाठी एक वाटाड्या छापला आणि त्यात कॅलिफोर्नियाची जवळची वाट सुचवली. स्वतः तिच्यावर पाऊल न टाकता! १८४६ साली डोनर मंडळींचा तांडा तिच्यावर विसंबला. जवळची वाट लांबची निघाली, हिमवर्षावाने सिएरा नेवाडात गाठले आणि ८७ जणांपैकी जवळजवळ निम्मे दगावले.

आमच्या पाव मैलाने कोणी मरणार नव्हते, कबूल. पण न चाललेल्या मैलाची एक खोड आहे. तो लिहिणाऱ्याचे पाय दुखत नाहीत. दुखतात ते त्याच्यावर विसंबणाऱ्याचे. इथे तर २४ पोरे खरोखर घाम गाळत होती.

हे सगळे नातीला सांगायला फार वेळ लागला असता. मी नुसता उठलो. "चल, चौथी दोघं मिळून मारू."

ती माझ्यासाठी हळू चालली, हे मी मनात नोंदवले. मग सही केली. बत्तीस वर्षांत इतकी धाप लागून एकही बिल मंजूर केले नव्हते.

घरी लेकीने विचारले, "बाबा, आज किती झाल्या?"

"तीन," मी छाती फुगवून म्हणालो.

"तीनच?" तिने काळजीने माझ्या कपाळाला हात लावला. "रोज तर चार होतात. बरं नाही का वाटत?"