हवा गेली तर

निवांत बसा. श्वास चालला आहे तसा चालू द्या. मन विस्कॉन्सिनच्या हिवाळ्यात नेऊ या, व्हाइटवॉटरच्या शिक्षक-प्रशिक्षण विद्यालयात. काळ १८८० नंतरचा. वर्गात गारठा आहे की उकाडा, हे बघायला शिपाई आत येतो आणि तळघरात उतरून डॅम्पर, म्हणजे हवेच्या वाटेतली झडप, सरकवतो. शिकवणं दर वेळी खंडित होतं. तिथले प्राध्यापक वॉरन जॉन्सन यांना हे खुपलं. १८८३ मध्ये त्यांनी खोलीतल्या थर्मोस्टॅटचं पेटंट घेतलं. तेव्हा तळघरात घंटा वाजायची, झडप मात्र माणूसच हलवायचा. १८९५ च्या पेटंटात ते काम दाबाच्या हवेकडे आलं.

आता त्या हवेबरोबर सावकाश चला. कॉम्प्रेसरमधून निघून ती बारीक नळीने भिंतीवरच्या थर्मोस्टॅटपाशी येते. तिथे दोन धातूंची जोडपट्टी असते. खोलीची ऊब बदलली की पट्टी किंचित वाकते आणि एक बारीक भोक झाकते किंवा मोकळं करते. झाकलं की नळीतला दाब चढतो. तो डॅम्परपाशी रबरी पडद्याला ढकलतो, पडदा दांड्याला रेटतो, दांडा झडप फिरवतो. समोर स्प्रिंग असते. एखादी स्प्रिंग चौरस इंचाला ८ पौंड दाब होईपर्यंत हलत नाही, १३ पौंडांना पुरती दबते. मधल्या प्रत्येक दाबाला झडपेची आपली एक जागा असते.

इथे थांबा. झडपेपाशी ठिणगी नाही, मोटर नाही. दोन जोर एकमेकांना तोलून धरतात.

आता कॉम्प्रेसर बंद पडू द्या. रात्र आहे, बाहेर पाणी गोठतं आहे. दाब ओसरतो. स्प्रिंग मोकळी होते आणि बाहेरची हवा घेणारी झडप मिटवते. त्याच दाबाच्या हवेवर चालणारा गरम पाण्याचा व्हॉल्व्ह मात्र आपल्या स्प्रिंगने उघडतो. एक वाट मिटली, दुसरी खुली झाली, म्हणून कॉइलमधलं, म्हणजे हवा तापवणाऱ्या नळ्यांच्या वेटोळ्यातलं, पाणी गोठून नळ्या फुटत नाहीत. बिघाड होणारच, हे धरून कुणीतरी आराखडा काढतानाच झडपेची शेवटची जागा ठरवून ठेवली. या यंत्रात मला सगळ्यांत मोलाचं वाटतं ते हे. मन इथे हवं तेवढं राहू द्या.

अशी यंत्रखोली ज्यांच्या हाती आहे, त्यांना एक विनंती. झडपेचे सांधे गंजले की स्प्रिंगचा जोर पुरत नाही. थंडी पडण्याआधी एकदा दाबाची हवा मुद्दाम तोडा आणि झडप पुरती मिटते का, ते डोळ्यांनी बघा.